घर चाकावर, पण थांबायचं कुठे?

*रीलमधली व्हॅन सगळीकडे सारखीच दिसते. प्रत्यक्षात ती अमेरिकेत बसएवढी असते आणि जपानमध्ये आपल्या मारुती ओम्नीएवढी. देश बदलला की गाडी बदलते, कायदा बदलतो आणि त्या गाडीत झोपणाऱ्या माणसाकडे बघायची नजरही बदलते.*

रात्रीचे साडेबारा वाजलेत. उद्या सबमिशन आहे. तरी अंगठा काही थांबत नाही. स्क्रीनवर एक व्हॅन उभी आहे. मागचं दार उघडं, दारातून दिसणारा समुद्र, पांढरी चादर, हातात कॉफीचा मग, पायाशी कुत्रा. खाली हॅशटॅग व्हॅनलाइफ. तुम्ही ते रील मित्राला पाठवता आणि लिहिता, 'भावा, डिग्री झाली की हेच करायचं!'

असा मेसेज आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पाठवलेला असतो. त्यात चुकीचं काहीच नाही. फॉस्टर हंटिंग्टन नावाच्या अमेरिकन तरुणाने २०११ मध्ये न्यूयॉर्कमधली नोकरी सोडली, एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन घेतली आणि फोटो टाकायला सुरुवात केली. हा हॅशटॅग तिथूनच रुळला असं मानतात. पुढे कोविड आला, वर्क फ्रॉम होम आलं आणि 'होम'च चाकावर का नको, असं अनेकांना वाटू लागलं.

पण रील एक गोष्ट सांगत नाही. ती व्हॅन नेमकी कुठल्या देशात उभी आहे? आणि सगळा खेळ त्याच एका गोष्टीवर ठरतो.

एक गाडी, नावं अनेक

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. ब्रिटनमध्ये 'कॅराव्हॅन' म्हटलं की कारच्या मागे जोडून ओढायची चाकावरची खोली. तिला इंजिन नसतं. इंजिन आणि घर एकाच गाडीत असेल तर ती 'मोटरहोम', आणि छोटी असेल तर 'कॅम्परव्हॅन'. अमेरिकेत दोन्हींना मिळून एकच नाव, 'आरव्ही'. ओढायची असेल तर 'ट्रेलर'. जर्मनीत ओढायची ती 'वोनवागन' आणि स्वतः चालणारी ती 'वोनमोबिल'. फ्रान्समध्ये मोटरहोमलाच 'कॅम्पिंग-कार' म्हणतात. आणि आपल्याकडे? सरकारी धोरणापासून टूरवाल्याच्या जाहिरातीपर्यंत सगळ्यालाच 'कॅराव्हॅन'!

ही नुसती शब्दांची गंमत नाही. परदेशात शिकायला गेलात आणि 'कॅराव्हॅन' बुक केलीत, तर दारात इंजिन नसलेली खोली उभी असेल आणि ती ओढायला तुमच्याकडे कार नसेल.

मौजेखातर बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून ज्या गाडीचं नाव घेतात ती १८८५ मधली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने ब्रिस्टलच्या कारखान्यातून ती बनवून घेतली. नाव 'द वाँडरर'. ओढायला घोडे. गंमत बघा, चाकाच्या घरात राहणारे रोमानी लोक इंग्लंडमध्ये त्याआधीपासून होतेच. फरक एवढाच, की डॉक्टरसाहेबांसाठी तो छंद होता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकार ठरवतो तो रस्ता आणि लायसन्स

अमेरिकेतली सगळ्यात मोठी मोटरहोम ४५ फुटांपर्यंत लांब असते. आत सोफा, मोठा फ्रिज, कधी वॉशिंग मशीनसुद्धा. गाडी थांबली की बटण दाबायचं, भिंत बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. मागे एक कार बांधलेली असते, कारण एवढं धूड घेऊन दूध आणायला कोण जाणार? असं घर परवडतं ते रस्ते रुंद आणि पेट्रोल युरोपच्या तुलनेत स्वस्त म्हणून. आणि लायसन्स? तिथल्या अनेक राज्यांत साध्या कारच्या लायसन्सवर २६,००० पौंडांपर्यंतची, म्हणजे जवळपास पावणेबारा टनांची आरव्ही चालवता येते.

आता युरोपात या. तिथे कारच्या नेहमीच्या 'बी' लायसन्सची मर्यादा वर्षानुवर्षं ३,५०० किलो राहिली. या एका आकड्याने युरोपातली अख्खी मोटरहोम घडवली. गाडी, माणसं, सायकली, भांडी, गॅस, पाणी सगळं त्या साडेतीन टनांत बसवायचं. शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो गेले. म्हणून कपाटं हलक्या प्लायवूडची, टेबल घडीचं, पलंग छतातून खाली येणारा. बहुतेक मोटरहोमच्या खाली सामान वाहणारी व्हॅनच असते, आणि त्यातही फियाट डुकाटो सर्वांत जास्त. गावातल्या अरुंद गल्ल्यांतून तीच निघू शकते.

ओढायच्या कॅराव्हॅनचे नखरे वेगळेच. जर्मनीत कारमागे ट्रेलर असेल तर वेग ताशी ८० किलोमीटर. महामार्गावर १०० ने जायचं असेल तर तपासणी करून तसा बिल्ला लावून घ्यावा लागतो. ज्या हायवेवर वेगाला मर्यादा नाही म्हणून आपण भारावून जातो, त्याच हायवेवर हे! ब्रिटिश कॅराव्हॅनचं दार डाव्या बाजूला, म्हणजे फुटपाथकडे उघडतं, कारण तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालतात. तीच गाडी फ्रान्समध्ये नेली की दार थेट वाहत्या रस्त्यावर उघडतं.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा वेगळी. तिथे नलारबोरच्या मैदानात १४६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता सरळ जातो. पुढचं गाव कधी येईल याचा भरवसा नाही, डांबर कधी संपेल याचाही नाही. म्हणून तिथल्या कॅराव्हॅन उंच, जाडजूड चासीच्या, धूळ आत शिरू नये म्हणून खास बंदोबस्त केलेल्या. त्या घेऊन वर्षभर देश फिरणाऱ्या निवृत्त जोडप्यांना तिथे प्रेमाने 'ग्रे नोमॅड्स' म्हणतात.

आणि जपान! तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी, याच्या आतच. कर कमी, पार्किंग सोपं. आपली मारुती ओम्नी ज्या सुझुकी कॅरीवरून आली, ती याच कुळातली. म्हणजे शाळेच्या पोरांना कोंबून नेणाऱ्या त्या डबड्याएवढ्या जागेत जपानी माणूस पलंग, सिंक, स्टोव्ह आणि छतावर तंबू बसवतो. गाडीत झोपायला तिथे स्वतंत्र शब्द आहे, 'शाचुहाकू'. तो फक्त सहलीचा शब्द नाही. २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप झाला तेव्हा धक्क्यांच्या भीतीने हजारो लोक आपल्या गाड्यांतच झोपले. आखडून बसल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचे प्रकारही तेव्हा घडले. एकाच गाडीत सुट्टीही आणि संकटही.

विषय नाजूक, पण महत्त्वाचा: टॉयलेट

रीलमध्ये हे कधीच दिसत नाही. पण व्हॅनमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला प्रश्न हाच असतो.

अमेरिकन आरव्हीत पोटाखाली मोठ्या टाक्या असतात. संडासाची 'ब्लॅक', भांडी-अंघोळीच्या पाण्याची 'ग्रे'. काही दिवसांनी ठरलेल्या केंद्रावर जायचं, जाड पाइप जोडायचा आणि रिकामी करायची. युरोपात बहुतांशी 'कॅसेट'. साधारण वीस लिटरची पेटी. बाहेरून छोटं दार उघडायचं, ट्रॉली बॅगेसारखी ओढत न्यायची आणि ठरलेल्या जागीच ओतायची. दोघं असतील तर दोन-तीन दिवसांत भरते. म्हणजे दर थोड्या अंतरावर ती रिकामी करायची सोय हवी. म्हणूनच फ्रान्समध्ये गावोगावी 'एअर' आणि जर्मनीत 'श्टेलप्लाट्झ' नावाचे थांबे उभे राहिले. पाणी घ्या, कॅसेट रिकामी करा, रात्रभर थांबा. कुठे फुकट, कुठे थोडे पैसे. गावाचा हिशेब सरळ आहे. पाहुणा सकाळी बेकरीत पाव घेणार, दुपारी हॉटेलात जेवणार.

न्यूझीलंडने तर टॉयलेटवर कायदाच केला. तरुण प्रवासी स्वस्त व्हॅन घेऊन कुठेही थांबायचे आणि झुडपांमागची घाण गावकऱ्यांच्या वाट्याला यायची. २०११ मध्ये रग्बी वर्ल्ड कपच्या तोंडावर 'फ्रीडम कॅम्पिंग'चा कायदा आला. २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. गाडीला 'स्वयंपूर्ण' असं प्रमाणपत्र हवं असेल तर टॉयलेट पक्कं बसवलेलं पाहिजे. सीटखाली ठेवलेला घडीचा डबा चालणार नाही. नियम मोडला तर दंड शेकड्यांत. कुणी म्हणालं, निसर्ग वाचला. कुणी म्हणालं, गरीब तरुणांची भटकंती बंद करून महागड्या मोटरहोमवाल्यांना रान मोकळं केलं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

रात्री दहानंतर काय?

दिवसा गाडी कुठेही उभी करता येते. खरा प्रश्न रात्रीचा. आत झोपलं तर ते पार्किंग की मुक्काम?

जर्मनीत याचं उत्तर फार जर्मन आहे. ड्रायव्हर दमला असेल, तर पुन्हा गाडी चालवण्याइतकी विश्रांती मिळावी म्हणून एक रात्र साध्या पार्किंगमध्ये झोपता येतं. पण खुर्ची-टेबल बाहेर मांडलं की ते झालं कॅम्पिंग, आणि त्याला परवानगी नाही. स्वीडनमध्ये निसर्गात कुणालाही फिरण्याचा, तंबू ठोकण्याचा जुना हक्क आहे. तो पायी चालणाऱ्याचा. इंजिनाच्या गाडीला मात्र रस्ता सोडून रानात शिरायची मुभा नाही. क्रोएशियात कॅम्पसाइट सोडून कुठेही मुक्काम केला तर दंड. अमेरिकेत सरकारी जमिनीच्या मोठ्या भागांत साधारण १४ दिवस फुकट राहता येतं. जपानमध्ये रस्त्याच्या कडेला 'मिची-नो-एकी' म्हणजे रस्त्याची स्टेशनं आहेत. १९९३ मध्ये सुरू झाली, आज बाराशेच्या वर आहेत. स्वच्छतागृह चोवीस तास उघडं, आत गावच्या भाज्या विकायला. डुलकी काढा, हरकत नाही. पण मुक्काम ठोकू नका, असं तिथला नियम सांगतो.

तीच गाडी, माणूस वेगळा

आता त्या डॉक्टरसाहेबांचा छंद आठवा.

इंग्लंडमध्ये सुट्टीला कॅराव्हॅन घेऊन निघणारं कुटुंब म्हणजे पर्यटक. पिढ्यान्‌पिढ्या कॅराव्हॅनमध्येच राहणारे रोमानी आणि आयरिश ट्रॅव्हलर्स थांबले की मात्र पोलीस. २०२२ मध्ये तिथे कायदा झाला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर गाडीत राहायच्या इराद्याने थांबलात, त्रास किंवा नुकसान होतंय असं ठरलं आणि सांगूनही हलला नाहीत, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड आणि गाडी जप्त. गाडी जप्त म्हणजे कुणासाठी सुट्टी संपली, कुणासाठी घरच गेलं. २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने यातल्या काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत असल्याचं सांगितलं. कारण सरळ होतं. कायदेशीर थांबे अपुरे आहेत, मग या माणसांनी जायचं कुठे?

अमेरिकेत हाच प्रश्न घरभाड्यातून आला. जेसिका ब्रुडर यांचं 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आलं आणि त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. उतारवयात घर परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहून हंगामी कामं करणाऱ्या माणसांची ती गोष्ट. जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत अमेरिकेत ७,७१,४८० लोक बेघर निघाले. डोक्यावर दुसरं छप्पर नाही म्हणून कारमध्ये झोपणारा माणूसही या मोजणीत बेघरच धरला जातो. त्याच वर्षी २८ जूनला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. निवाऱ्यात जागा नसली, तरी सार्वजनिक जागी मुक्काम केल्याबद्दल शहर दंड करू शकतं.

म्हणजे बघा. तीच व्हॅन, तीच चादर, तीच पार्किंगची जागा. खिशात परतीचं घर असेल तर हॅशटॅग, नसेल तर गुन्हा. यातूनही वाट काढणारी शहरं आहेत. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामध्ये २००४ पासून गाडीत राहणाऱ्यांना रात्रीपुरत्या सुरक्षित पार्किंगच्या जागा दिल्या जातात. उत्तर पूर्ण नाही, पण माणसाला हाकलून देण्यापेक्षा बरंच.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी केरळने 'केराव्हॅन केरळ' आणलं. कल्पना चांगली आहे. जिथे हॉटेल बांधणं परवडत नाही किंवा बांधूच नये, अशा ठिकाणी चाकावरचं घर जाऊ शकतं. मुक्काम संपला की जागा मोकळी.

लायसन्सच्या बाबतीत तर आपण युरोपच्या पुढे आहोत. आपल्याकडे एलएमव्ही लायसन्सची मर्यादा ७,५०० किलो आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती व्यावसायिक गाड्यांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. अडचण दुसरीकडे आहे. मनाने टेम्पो ट्रॅव्हलर कापून त्यात किचन बसवलं, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल नको असं बजावलंय. यूट्यूब बघून व्हॅन 'कन्व्हर्ट' करणाऱ्यांनी आधी आरटीओत विचारलेलं बरं.

आणि सर्वांत मोठा प्रश्न तोच, थांबायचं कुठे? कोकणात जाताना एखाद्या मैत्रिणीने गाडी घेऊन एकटीने रात्री थांबावं, दिवा असावा, पाणी असावं, स्वच्छ टॉयलेट असावं, टाकी रिकामी करायची जागा असावी. असे किती थांबे तुम्हाला माहीत आहेत? कॅराव्हॅन विकत घेता येते. हे थांबे मात्र विकत घेता येत नाहीत. ते गावाने, ग्रामपंचायतीने, राज्याने उभे करायचे असतात. आणि ते झाले तर फायदा एकट्या कॅराव्हॅनवाल्याचा नाही. ट्रक ड्रायव्हर, एसटीची वाट बघणारी आजी, टू-व्हीलरवरून गावी निघालेलं कुटुंब, सगळ्यांनाच तो हवा आहे.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. चाकावरचं घर आपल्याला नवीन नाही. बंजाऱ्यांचा 'तांडा' म्हणजे दुसरं काय होतं? कैकाडी कुटुंबाची गाढवावर बिऱ्हाड लादून चाललेली पायपीट लक्ष्मण माने यांनी 'उपरा'मध्ये १९८० मध्येच लिहून ठेवली. अशा फिरत्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का अधिकृतपणे पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. आजही दिवाळीच्या आसपास बीडकडून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात. त्यात भांडी, पोरं, कोंबड्या, अख्खा संसार असतो. ऊस तोडायला निघालेली ही माणसं फडाजवळ कोपी बांधून महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्या मुक्कामाला ना वीज, ना टॉयलेट. त्यांचं रील कुणी बनवत नाही.

पर्यटकाच्या कॅराव्हॅनला पार्क हवं, हे आपल्याला चटकन पटतं. कोपीला पाण्याचा नळ आणि दार असलेलं टॉयलेट हवं, हे पटायला इतकी वर्षं का लागतात?

तेव्हा ते स्वप्न जरूर बघा. डिग्री झाली की निघाही. पण रस्त्यात तुमच्या शेजारी दुसरं कुणाचं चाकावरचं घर थांबलेलं दिसलं, तर एवढं आठवा की तुम्हाला थांबायला जशी जागा हवी, तशीच त्यालाही हवी.

निघण्याआधी हे तपासा

• लायसन्स : परदेशात चालवायचं तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो. त्या देशात आपल्या लायसन्सवर किती वजनाची गाडी चालते, ते आधी विचारा.

• वय : अनेक देशांत गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या २१ किंवा २५ वर्षांखालच्यांना नकार देतात किंवा जास्त पैसे घेतात.

• शब्द : 'कॅराव्हॅन', 'मोटरहोम', 'कॅम्परव्हॅन', 'आरव्ही' यांतलं नेमकं काय बुक करताय? फोटो बघून खात्री करा.

• रात्र : पार्किंगला परवानगी म्हणजे झोपायला परवानगी नव्हे. पाटी नीट वाचा.

• टाकी : ती कुठे रिकामी करायची हे निघण्याआधीच नकाशावर शोधून ठेवा. नदीत, गटारात, झुडपात अजिबात नाही.